इंदूरमधील जुन्या लाकडी घराची दुरुस्ती: घरच्यांचे हात कोठे लावावेत आणि कोठे लावू नयेत

जुनी इंदूर, इमली बाजार, मल्हारगंज, नंदलालपुरा, रामबाग या भागांत मराठी कुटुंबांची जी जुनी घरे अजून उभी आहेत, त्यांची धाटणी बहुतेक सारखीच आहे. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, खांबांमधल्या गाळ्यांत चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, कडीपाटाची माडी आणि वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छप्पर. असे घर पाडून तेथे इमारत बांधायची नसेल आणि संपूर्ण काम ठेकेदाराला देण्याइतका पैसाही हाताशी नसेल, तर नातेवाईक आणि मित्र यांच्या मदतीने ते उत्तम प्रकारे दुरुस्त करता येते. कारण या कामातले बहुसंख्य तास उतरवणे, निवडणे, धुणे, खरवडणे, चाळणे आणि पाणी मारणे यांतच जातात, आणि त्यासाठी कारागिराची गरज नसते. मात्र भार पेलणारे लाकूड, छपरावर चढून करायचे काम, वीज आणि वाळवीचे औषध या चार गोष्टींना हौशी हात लागता कामा नये. ही सीमारेषा पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवावी, कारण नंतर सांगितल्यास ती व्यक्तीवरचा अविश्वास म्हणून घेतली जाते.

कागद आणि सहमती

हातोडा उचलण्यापूर्वी घर कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. पुष्कळ घरांची नोंद अजून आजोबांच्या नावावरच असते, आणि वारस इंदूर, पुणे, मुंबई येथे व परदेशात विखुरलेले असतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे, त्यामुळे केवळ भावाभावांनी एकत्र बसून ठरवणे पुरेसे नाही, बहिणींची संमतीही तितकीच आवश्यक आहे. एका हिस्सेदाराने दुरुस्तीवर खर्च केला म्हणून त्याचा हिस्सा आपोआप वाढत नाही. म्हणून कोण किती रक्कम देणार, ती परत मिळायची आहे की घरासाठी दिलेली समजायची, आणि पुढे घर विकले गेले तर तिचा हिशोब कसा करायचा, हे सर्व वकिलाकडून लिहून घेऊन त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. पुढच्या दुकानात जुना भाडेकरू असेल, तर त्याच्या भागातले काम त्याला लेखी कळवल्याशिवाय सुरू करू नये, आणि तेथेही वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

दुसरी चौकशी नगर निगमाच्या झोन कार्यालयात करावी. गिलावा, रंग, फरशी आणि आहे त्याच उंचीवर कवेलू बदलणे ही कामे सामान्यतः दुरुस्तीत मोडतात. मजला वाढवणे, बाहेरची भिंत सरकवणे किंवा कवेलूंच्या जागी स्लॅब टाकणे यांसाठी मात्र नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. आपले काम कोणत्या प्रकारात येते ते तोंडी न विचारता अर्ज देऊन विचारावे. त्याच भेटीत आपल्या रस्त्याच्या रुंदीकरणाची रेषा कोठून जाते तेही पाहून घ्यावे. बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद झाला तेव्हा अनेक घरांचे दर्शनी भाग गेले. ज्या ओट्यावरून उद्या रस्ता जायचा आहे, त्यावर नक्षीदार खांब बसवण्यात अर्थ नाही.

एक पावसाळा केवळ पाहण्यात घालवावा

घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, पण माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी टप्पा हाच आहे. माळव्याची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि तिच्यावर उभे असलेले घर दरवर्षी किंचित वर-खाली होत असते. त्यामुळे भिंतीतली प्रत्येक चीर धोक्याची नसते, आणि प्रत्येक चीर निरुपद्रवीही नसते.

चिरेची परीक्षा सोपी आहे. प्रयोगशाळेत वापरतात तशी पातळ काचपट्टी चिरेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला चिकटवावीत आणि शेजारी तारीख लिहावी. काच फुटली तर भिंत हलते आहे, एवढे निश्चित होते. त्यानंतर चिरेची रुंदी दर महिन्याला मोजून वहीत लिहीत जावे. मे-जूनमध्ये रुंदावणारी आणि श्रावण-भाद्रपदात मिटत येणारी चीर मातीच्या चढ-उताराची असते. ऋतू कोणताही असो, एकाच दिशेने रुंदावत जाणारी चीर पाया खचत असल्याचे सांगते, आणि तेथे स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. हे नोंदीचे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींना द्यावे. ती मोठ्यांपेक्षा नेमाने मोजतात.

याच पावसाळ्यात मुसळधार सरीच्या वेळी विजेरी घेऊन माळ्यावर जावे आणि जेथे थेंब दिसेल त्या वाशावर खडूने खूण करावी. कोणत्या कोपऱ्यात पन्हळीचे पाणी जोत्यालगत पडते, गल्लीतले पाणी कोठे साचते, रस्त्यावर डांबर आणि सिमेंटचे थर चढत गेल्याने जोते रस्त्याच्या खाली गेले आहे काय, हेही पाहावे. जुन्या मोहल्ल्यांत ओलीचे हे शेवटचे कारण फार आढळते आणि ते भिंतीवर कितीही खर्च करून दूर होत नाही.

मदतीची आखणी

काम दसऱ्यानंतर सुरू करून मान्सूनपूर्वी संपवावे. इंदूरला पाऊस बहुधा जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो, तेव्हा मेअखेर ही हद्द मानावी. दिवाळी, नाताळ आणि संक्रांत या काळात बाहेरगावचे नातेवाईक मिळतात, त्यामुळे मनुष्यबळ लागणारी कामे तेव्हा ठेवावीत. होळीच्या आदल्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार भागातले मजूर भगोरिया या आदिवासी उत्सवासाठी गावी जातात आणि त्यानंतर रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते. हे दिवस कामाच्या हिशोबात धरूच नयेत.

मदतीला येणाऱ्याला काय करायचे ते आदल्या रात्री ठाऊक असावे. "या, काहीतरी करू" असे निमंत्रण दिले की दहा माणसे जमतात आणि त्यांतली सात चहा पीत उभी राहतात. प्रत्येक दिवसाला एक प्रमुख असावा. तो वयाने मोठा असण्याची गरज नाही, पण मिस्त्रीशी बोलणारा तोच एक असावा, कारण काका एक सांगतात आणि मेहुणे दुसरेच सांगतात तेव्हा मिस्त्री स्वतःला सोयीचे ते करतो. ज्यांना वाकणे-उचलणे जमत नाही त्यांच्याकडे हिशोबाची वही, सामानाची नोंद आणि स्वयंपाक द्यावा. सकाळी पोहे-जिलबी ठेवल्यास मित्रमंडळी वेळेवर येतात, हेही नमूद करायला हरकत नाही. धूळ उडणाऱ्या कामात एन-९५ मास्क आणि गॉगल, पायांत चपलेऐवजी बूट, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असणे, या अटींना कोणाही पाहुण्याचा अपवाद करू नये.

आधी भार उतरवावा, मग लाकूड तपासावे

माळ्यावरची जुनी भांडी, लाकडे आणि मोडक्या खुर्च्या प्रथम खाली आणाव्यात. त्यानंतर छपराचे एक पाखे निवडून तेवढ्याचेच कवेलू उतरवावेत आणि संध्याकाळपूर्वी त्यावर ताडपत्री बांधावी. वर फक्त कवेलू फिरवणारे अनुभवी कारागीर असावेत. घरच्यांनी शिडीपासून चौकापर्यंत साखळी करून कवेलू हातोहात खाली घ्यावेत. चौकात बसलेल्यांनी प्रत्येक कवेलू बोटाच्या सांध्याने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ते ब्रशने धुऊन उभे रचावे आणि बद वाजले तर बाजूला टाकावे, कारण त्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असते. इंग्लिश कवेलू (खाचांचे मंगलोरी कौल) चौरस मीटरला सुमारे १५ लागतात. त्या हिशोबाने तुटीची संख्या काढून दहा टक्के अधिक मागवावेत. नव्या कवेलूचे माप जुन्याशी जुळत नसेल, तर जुने एका पाख्यावर आणि नवे दुसऱ्यावर घालावेत. एकाच पाख्यात मिसळल्यास खाचा बसत नाहीत आणि गळती कायमची राहते.

या टप्प्यावर कोणीतरी "कवेलू कशाला, स्लॅबच टाकू" असे हमखास सुचवतो. त्याला आकडा सांगावा. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१० किलो भरते आणि कवेलूंचे छप्पर रिपांसह ६५ किलोच्या आसपास असते. जे खांब शंभर वर्षे ६५ किलो पेलत आले, त्यांच्यावर पाचपट भार टाकण्याचा सल्ला देणारा माणूस त्या घरात झोपणार नसतो.

छपराचा भार उतरलेला असतानाच लाकडाची तपासणी आणि दुरुस्ती करावी. सुतार टोच्याने दाबून आणि हातोडीच्या दांड्याने ठोकून लाकूड पाहतो. खांबांचे बूड, भिंतीत गेलेली तुळयांची टोके आणि न्हाणीघरालगतची कडीपाटाची लाकडे या तीन जागी कुज अधिक असते, कारण तेथे ओल पोहोचते आणि वारा लागत नाही. एका घरात माजघराचा खांब रंगवलेला, गुळगुळीत, अगदी धडधाकट दिसत होता. सुताराने जमिनीपासून वीतभर उंचीवर टोच्या रेटला तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला ओलसर तपकिरी भुकटी चिकटलेली होती. त्याच खांबाला हातभर वर टोच्या सूतभरही शिरला नाही. असा खांब संपूर्ण बदलण्याचे कारण नसते. वरची तुळई लोखंडी जॅक आणि बल्ल्यांच्या धीऱ्यावर, म्हणजे तात्पुरत्या टेकूंवर, घेऊन कुजलेला भाग कापावा, निकोप सागाचा तुकडा सांधून बोल्टने आवळावा, किंवा खाली उंच दगडी तळखडा बसवून लाकूड जमिनीपासून दूरच ठेवावे. धीरे कोठे आणि किती द्यायचे ते इंजिनिअरने ठरवावे. त्या दिवशी मदतनीसांना सुट्टी द्यावी आणि मुलांना तर घरातही ठेवू नये.

खांबांमधली विटांची भिंत नुसती भरावाची आहे असे समजून ती पाडण्याचा मोहही टाळावा. खांब कुजत गेला की त्याचा भार हळूहळू शेजारच्या विटांवर उतरतो, आणि मूळची भरावाची भिंत कालांतराने आधाराची होऊन बसते. माडीवर मात्र उतरवण्यासारखे पुष्कळ असते. पिढ्यानपिढ्या फरशीवर फरशी आणि मातीवर माती चढलेली असते, आणि १० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर चौरस मीटरला दीडशे किलोहून अधिक भरतो. ही माती घमेल्यांनी खाली आणणे हे घरच्यांच्या कष्टाचे सर्वांत मोलाचे काम होय. ती खोलीच्या एका कोपऱ्यात ढीग न करता सर्व बाजूंनी सारखी काढावी.

वाळवीसाठी परवानाधारक माणूस बोलवावा. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यालगत साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची छिद्रे पाडून औषध सोडले जाते. हे काम फरशी आणि गिलावा नवा करण्यापूर्वी व्हावे.

ओल, लोणा आणि चुना

जमिनीतून चढणारी ओल सहसा तीन-साडेतीन फुटांवर थांबते. त्याहून वर डाग असेल तर छप्पर किंवा नळ गळतो आहे असे समजावे. कारण प्रथम दूर करावे: पन्हळीचे पाणी नळीने गटारापर्यंत न्यावे, जोत्याभोवती बाहेर उताराची दोन-तीन फूट रुंद फरसबंदी करावी, आणि जोत्याला टेकलेली माती व मलबा हटवावा. काळ्या मातीच्या घरात ही फरसबंदी दुहेरी काम करते. पाया वर्षभर सारख्याच ओलाव्यात राहिल्याने चिराही कमी पडतात.

त्यानंतर खालचा चार फुटांचा गिलावा काढावा. तो सिमेंटचा असेल तर छिन्नी तिरपी धरावी, नाहीतर विटेचा पापुद्राही सुटून येतो. उघड्या भिंतीवर फुलणारा पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकावा. तो पाण्याने धुऊ नये, कारण विरघळलेले क्षार पुन्हा विटेतच शिरतात. हे काम मास्क लावून कोणीही करू शकते आणि काही आठवड्यांच्या अंतराने ते पुन्हा पुन्हा करावे लागते. भिंत वाळायला इंचाला महिना हा जुना अडाखा आहे, म्हणून खालचा गिलावा हंगामाच्या आरंभी काढावा आणि नवा सर्वांत शेवटी करावा.

नवा गिलावा चुन्याचाच असावा. येथे मिस्त्रीशी वाद होतो, कारण "थोडा सीमेंट मिला देते हैं, जल्दी पकड़ेगा" हे त्याचे ठरलेले वाक्य असते आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. पण मऊ विटेच्या भिंतीतला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो आणि सिमेंटमागे अडकतो. क्षार मग गिलाव्याच्या पाठीमागे साठून विटेचा चेहरा झिजवतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पत्र्यासारखा सुटतो. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधायला वेळ लागला तरी चालेल, त्याच्याशिवाय हे काम सुरू करू नये.

चुना घरीच विझवता येतो. लोखंडी पिंपात किंवा विटांच्या हौदात आधी पाणी घ्यावे आणि कळीचा चुना त्यात थोडा थोडा सोडावा. उलट क्रमाने, म्हणजे चुन्यावर पाणी, कधीही ओतू नये. खडा पाण्यात पडला की क्षणभर काहीच होत नाही, मग तो तडकतो, पाणी उकळू लागते आणि शिंतोडे छातीच्या उंचीपर्यंत उडतात. ते डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून गॉगल, हातमोजे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय कोणी पुढे होऊ नये, आणि प्लास्टिकचे पिंप वापरू नये. विझलेला चुना पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्यावा, मग जाळीतून गाळून लोण्यासारखा झालेला वापरावा.

एक भाग चुना, एक भाग सुर्खी आणि दोन भाग नर्मदेची धुतलेली वाळू हे प्रमाण या भिंतींना मानवते. सुर्खी घरच्या फुटक्या विटा कुटून आणि चाळून करता येते. मात्र लोणा लागलेल्या आणि काळ्या पडलेल्या जळक्या विटा त्यात घेऊ नयेत. भिंत आदल्या दिवशी भिजवावी, एक थर अर्ध्या इंचाहून जाड नसावा, आणि थर ओला असतानाच गवंड्याकडून थापीने ठोकून घ्यावा. पुढे आठ-दहा दिवस त्यावर ओली पोती ठेवून दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडावे. शहराच्या अनेक भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, तेव्हा त्यासाठी वेगळी टाकी भरून ठेवावी. पाणी मारण्याची पाळी घरच्यांनी आपसांत लावून घ्यावी. मजुरावर सोडलेले हे काम रविवारी हमखास चुकते आणि सोमवारी गिलाव्यावर जाळीसारख्या भेगा दिसतात.

वीज, नळ, रंग

विजेचे काम गिलाव्याआधी, परवानाधारक वायरमनकडूनच करावे. लाकडी पट्टीवरची जुनी रबरी वायर पूर्ण काढून टाकावी. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नळीतून न्यावी. प्रत्येक मजल्याला वेगळे एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), संपूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) आणि नवे अर्थिंग हवेच. लाकडी घराला आगीचे भय मोठे असते. होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी होते, आणि १९८४ च्या आगीत लाकडी भाग किती जळाला ते इंदूरकरांना सांगायला नको. नळ भिंतीत न गाडता उघडे ठेवावेत. ते दिसायला बरे नसतात, पण गळती लगेच कळते.

जुना तैलरंग खरवडताना मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना दूर ठेवावे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तेव्हा दारे-खिडक्यांवरच्या त्याआधीच्या थरांत शिसे आहे असेच धरून चालावे. असा रंग ओला करून खरवडावा, कोरडा घासू नये. मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते फोडू किंवा कापू नयेत, ओले करून अखंड उतरवावेत आणि तेही माहीतगाराकडून. आतल्या भिंतींना चुन्याच्या सफेदीचे तीन-चार पातळ हात द्यावेत आणि सागाला अळशीचे तेल लावावे. तेलाचे बोळे मात्र गुंडाळून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण ते आपोआप पेट घेऊ शकतात. ते उन्हात पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

मलबा गल्लीत टाकल्यास नगर निगमाचा दंड होतो. शुल्क भरून गाडी मागवावी. धड विटा, दगड, जुन्या कड्या आणि पितळी बिजागऱ्या आधीच वेगळ्या काढाव्यात. त्यांची किंमत भंगारवाला सांगतो त्याहून बरीच अधिक असते.

छप्पर आणि गिलाव्याचे काम करणाऱ्यांशी ठरवतानाच मजुरीचा दहावा हिस्सा पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर मिळेल असे सांगून ठेवावे आणि ते वहीत लिहावे. पाऊस आला की पुन्हा विजेरी आणि खडू घेऊन माळ्यावर जावे, गेल्या वर्षीच्या खुणा पाहाव्यात आणि नव्या गळतीला वेगळ्या रंगाने खूण करावी. फिरवलेले छप्पर पहिल्या पावसात दोन-चार ठिकाणी टिपकतेच. तेवढे कवेलू सरकवून घ्यावेत, दुसऱ्या पावसात पुन्हा पाहावे आणि मग उरलेले पैसे चुकते करावेत.